प्राणवायूची मात्रा

आमच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी स्मरणिकेत चर्चच्या इमारतीचा वृत्तान्त आहे, आजवर येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची नामावली आहे, शाळेचा व भजनमंडळाचा इतिहास आहे. अशा पुस्तकात प्राणवायूविषयी निबंध कशाकरिता, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात येईल. त्यास आमचे उत्तर असे की, या धर्मग्रामातील पुष्कळशा मुली परिचारिकेचे शिक्षण घेऊन मुंबईच्या व परदेशाच्या रुग्णालयांत गेल्या आहेत. आणि ज्या विद्येवर आमच्या इतक्या घरांची चूल पेटते, त्या विद्येचा इतिहास आमच्याच लोकांस ठाऊक नसावा ही गोष्ट बरी नव्हे.

दुसरेही एक कारण आहे. आजाऱ्यांच्या भेटीस जाताना या वायूविषयी दोन परस्परविरुद्ध समजुती आम्हांस नेहमी आढळतात. पहिली अशी की, 'ऑक्सिजन लावला' हे शब्द कानी पडताच घरची मंडळी डोळ्यांस पदर लावतात. पूर्वी वैद्यबुवा हेमगर्भाची मात्रा उगाळू लागले म्हणजे शेजारीपाजारी जे समजावयाचे ते समजून जात. तीच गत आज नाकावरच्या नळीची झाली आहे. (रुग्णाभ्यंगाच्या साक्रामेंताचेही आमच्या लोकांनी असेच करून ठेवले आहे. आजाऱ्यास ऊर्ध्व लागल्यावाचून धर्मगुरूस बोलावणे पाठवावयाचे नाही, असा जणू नियमच आहे. पण तो विषय निराळा.) दुसरी समजूत हिच्या अगदी उलट. 'हवाच ती! जास्त दिल्याने अपाय तो काय व्हावयाचा?' असे म्हणून आप्तमंडळी परिचारिकेची पाठ फिरताच कळ खुशाल वाढवून ठेवतात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. प्राणवायू हे औषध आहे, आणि औषध म्हटले की त्यास मात्रा आली. ही साधी गोष्ट मनुष्यजातीस कळावयास दोनशे वर्षे लागली, आणि त्या शिक्षणाची फी कित्येक अजाण बालकांच्या डोळ्यांनी भरली गेली. तोच इतिहास येथे सांगावयाचा आहे.

स्वीडन देशातील शेले नावाच्या औषधविक्याने हा वायू प्रथम तयार केला असे आता मानतात. परंतु त्याचा ग्रंथ छापून बाहेर पडला तो १७७७ साली. तत्पूर्वीच, १ ऑगस्ट १७७४ रोजी, इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली या गृहस्थाने मोठ्या भिंगाने सूर्याचे किरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापविले व त्यातून निघालेला वायू धरून ठेवला. त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. पुढील वर्षी त्याने त्या वायूत एक उंदीर कोंडला. तेवढ्याच साध्या हवेत जो उंदीर जेमतेम पाव तास तगता, तो येथे अर्धा तास राहिला, आणि निपचित पडलेला बाहेर काढल्यावर ऊब मिळताच पुन्हा हालचाल करू लागला. मग प्रीस्टलीने स्वतःच तो वायू हुंगून पाहिला. छाती काही काळ हलकी व मोकळी वाटली, असे त्याने लिहून ठेवले आहे.

प्रीस्टली हा धंद्याने उपदेशक होता. त्याच्या धर्ममताशी आमचा मेळ बसणार नाही. तथापि त्याच्या विवेकाची तारीफ केल्यावाचून आमच्याने राहवत नाही. हा वायू पुढे आजाऱ्यांच्या छातीस उपयोगी पडेल असा तर्क करीत असतानाच त्याने एक शंकाही नमूद करून ठेवली. या वायूत मेणबत्ती जशी भरभर जळून संपते, तसे निरोगी मनुष्याचे आयुष्यही भरभर संपून जाणार नाही कशावरून, अशा अर्थाची ती शंका होती. शरीरातील जळण्याच्या क्रियेविषयीचा त्याचा तर्क शब्दशः खरा ठरला नाही; पण जे जीवन देते तेच अधिक झाल्यास मारक होऊ शकेल, ही भीती त्या वायूच्या जन्मकाळीच एका मनुष्यास वाटली होती, आणि पुढे पावणेदोनशे वर्षे तिजकडे बहुतेकांचे दुर्लक्ष झाले, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

फ्रान्सच्या लाव्हाझिये याने श्वासोच्छ्वास म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन होय असे दाखवून दिले व या वायूस ऑक्सिजन, म्हणजे आम्ल उत्पन्न करणारा, असे नाव ठेवले. ते नाव चुकीचे आहे. कारण कित्येक आम्लांत हा वायू मुळीच नसतो. त्यापेक्षा आमच्या भाषेने योगशास्त्रातून उचललेला 'प्राणवायू' हा शब्द शतपट सरस होय. लाव्हाझियेचा शेवट १७९४ साली क्रांतिकारकांच्या शिरच्छेदयंत्राखाली झाला.

त्याच साली इंग्लंडात वाफेच्या यंत्रामुळे विख्यात झालेला जेम्स वॉट याची तरुण कन्या क्षयाने मरण पावली. दुःखी बापाने आपले सारे यंत्रकौशल्य डॉ. बेडोज यांच्या पायाशी आणून ठेवले आणि निरनिराळे वायू तयार करण्याची व रोग्यास हुंगविण्याची उपकरणे त्यांस करून दिली. १७९९ साली ब्रिस्टलजवळ क्लिफ्टन येथे बेडोज यांनी वायूपचाराची संस्था उघडली. क्षय, दमा, अर्धांग अशा नाना व्याधींचे रोगी तेथे येत. परंतु कोणता वायू कोणत्या रोगास, किती प्रमाणात व किती वेळ द्यावयाचा याचे मोजमाप कोणापाशीच नव्हते. वायू शुद्ध निघत नसे, आणि निघाला तरी पिशवीतून नाकापर्यंत जाईतो त्यात साधी हवा किती मिसळली हे कळत नसे. क्षय काही बरा झाला नाही. तेथला तरुण सहायक हम्फ्री डेव्ही याने एका निराळ्या वायूचे प्रयोग केले, तो हसविणारा वायू तेवढा प्रसिद्धीस आला. संस्थेचे रूपांतर लौकरच साध्या दवाखान्यात झाले. प्राणवायूचे नाव वैद्यांच्या पंक्तीत जवळजवळ शंभर वर्षे बदनाम राहिले, त्याचे मूळ येथे आहे.

मध्यंतरी शुश्रूषेची विद्या मात्र दुसऱ्या बाजूने वाढत होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे शुश्रूषेवरील छोटे पुस्तक १८५९ च्या अखेरीस निघाले. त्याचे पहिलेच प्रकरण हवेवर आहे. रोग्याच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध असावी, मात्र त्यास थंडी बाधू नये, हा त्यांच्या मते शुश्रूषेचा आद्य नियम. आपण जवळ नसताना रोग्याचे काय होईल याची व्यवस्था आधी लावून ठेवणे हे परिचारिकेचे मुख्य काम, असेही त्यांनी त्याच पुस्तकात बजावले आहे. या बाईसाहेब आमच्या ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. पण पॅरिसमध्ये त्यांनी धर्मभगिनींच्या रुग्णसेवेचे निरीक्षण केले होते, आणि १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्यांच्या सोबतीस बर्माँडसी येथील दयाभगिनींच्या मठाच्या वरिष्ठा मदर क्लेअर मूर व त्यांच्या भगिनी होत्या. दोघींचा स्नेह पुढे जन्मभर टिकला.

श्वास मोजणे ही क्रिया त्या परंपरेतील आहे. ती दिसते फार सोपी. मोठ्या माणसाचा श्वास स्वस्थ स्थितीत मिनिटास १२ ते २० वेळा चालतो. पण 'तुमचा श्वास मोजते' असे सांगून मोजू लागावे तर रोग्याचे लक्ष जाऊन श्वासाची गती तत्काळ बदलते. म्हणून जाणती परिचारिका नाडी पाहिल्यावर मनगटावरची बोटे तशीच ठेवते आणि नजर छातीकडे नेऊन पुरे एक मिनिट मोजते. पंधरा सेकंद मोजून चारांनी गुणण्याची आळशी रीत आहे. पण ज्याचा श्वास अडखळत, मध्येच थांबून चालतो, त्याच्या बाबतीत ती हमखास फसविते. धाप लागलेल्या रोग्यास उताणे निजवू नये, पाठीशी उशा देऊन बसते करावे, हा नियम आमच्या आजीबाईंनाही ठाऊक होता. फाउलर नावाच्या अमेरिकन शस्त्रवैद्याने १९०० साली पोटाच्या रोग्यांकरिता अशीच बैठक सांगितली, म्हणून रुग्णालयांत तीस त्याचे नाव पडले.

विज्ञानाकडे वळू. १८७८ साली फ्रान्सच्या पोल बेर याने दाखविले की, दाब देऊन कोंडलेल्या प्राणवायूत प्राण्यांस झटके येतात. १८९९ साली लॉरेन स्मिथ याने फुफ्फुसांसही इजा होते हे सिद्ध केले. म्हणजे इशारे मिळत होते. इकडे १८८५ च्या मार्च महिन्यात पेनसिल्व्हेनियातील यॉर्क गावी डॉ. होल्टझॅपल यांनी न्यूमोनियाने घाबरा झालेल्या एका तरुणाच्या उशाशी रसायने तापवून हा वायू काढला व त्यास दिला. तो तरुण वाचला. १९०२ च्या सुमारास जर्मनीच्या लिंडे यांनी हवा द्रवरूप करून तिच्यातून प्राणवायू वेगळा काढण्याची युक्ती साधली, तेव्हा लोखंडी नळकांड्यांतून तो स्वस्त मिळू लागला. नळकांडी बहुतांशी लोखंड जोडणाऱ्या कारखान्यांकडे जात. वैद्य आपले त्यातून एखादे मागून घेत.

याच सुमारास, १९०५ साली, ऑक्सफर्डचे हाल्डेन आणि त्यांचे सहकारी प्रीस्टली (हे प्रीस्टली निराळे) यांनी एक मर्मभेदी गोष्ट उघडकीस आणली. आपणांस श्वास घ्यावयास लावतो कोण? सामान्य मनुष्य म्हणेल, प्राणवायूची गरज. तसे नाही. छातीचा भाता हालविण्याची आज्ञा मेंदूच्या देठातून सुटते, ती मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या टोचणीने. आत घेण्यापेक्षा बाहेर टाकण्याची निकड शरीरास अधिक जाणवते, असे म्हणावयास हरकत नाही. हे सूत्र वाचकांनी नीट धरून ठेवावे. पुढे दोन ठिकाणी त्याची गाठ पडणार आहे.

२२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथील रणभूमीवर जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. फुफ्फुसे पाण्याने भरून शिपाई कोरड्या जमिनीवर बुडून मेले. त्या वेळेपर्यंत रुग्णालयांत प्राणवायू देण्याची रीत अशी होती की, नळकांड्याच्या रबरी नळीस एक फनेल लावावयाचे व ते रोग्याच्या तोंडासमोर धरावयाचे. बहुतेक वायू खोलीत उडून जाई. रोग्यास लाभ होई तो नातेवाइकांच्या समाधानाचा. हाल्डेन यांनी तोंडावर नीट बसणारा मुखवटा, साठवणीची पिशवी व प्रवाह मोजण्याची सोय असलेले उपकरण तयार केले आणि १९१७ साली या उपचाराची शास्त्रीय मांडणी प्रसिद्ध केली. प्राणवायूस 'मात्रा' खऱ्या अर्थाने येथे प्राप्त झाली. पुढल्या दशकात न्यूयॉर्कच्या बॅरॅक यांनी प्राणवायूचे तंबू सुधारले, आणि रुग्णालयांतून हा उपचार रुळला.

रुळला, आणि अतिपरिचयात त्याची भीती गेली.

१९४२ साली बोस्टनचे नेत्रवैद्य टेरी यांनी एका नव्याच अंधत्वाचे वर्णन केले. दिवस पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकांच्या बाहुलीमागे पांढुरका पडदा धरत असे आणि ती कायमची आंधळी होत. असा रोग पूर्वी कोणी पाहिला नव्हता. पाहता पाहता तो देशोदेशी आढळू लागला; आणि चमत्कार असा की, गरीब, साधनहीन रुग्णालयांत तो विरळा, व जेथे उत्तमांतील उत्तम व्यवस्था, काचेच्या नव्या हवाबंद पेट्या आणि चोवीस तास दक्ष परिचारिका, तेथेच तो अधिक. दहा-बारा वर्षांत जगातील सुमारे दहा हजार बालकांची दृष्टी गेली असा अंदाज आहे. कोणी आईच्या दुधाकडे बोट दाखविले, कोणी जीवनसत्त्वांकडे, कोणी प्रकाशाकडे. ज्या वायूने त्या बालकांचे निळे ओठ गुलाबी होत, त्याजकडे बोट दाखविण्याचे धैर्य कोणास होईना.

१९५१ साली मेलबर्नच्या डॉक्टर केट कॅम्बेल या बाईंनी, जेथे प्राणवायू मुक्तहस्ते देतात तेथे अंधत्व अधिक व जेथे हात राखून देतात तेथे कमी, असे आपल्या निरीक्षणावरून प्रसिद्ध केले. वॉशिंग्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात आर्नल पॅट्झ हे तरुण नेत्रवैद्य हीच शंका पडताळून पाहत होते. काही बालकांस नेहमीप्रमाणे सतत पुष्कळ प्राणवायू द्यावयाचा, व काहींस निकड असेल तेव्हाच व मोजका, असा त्यांचा प्रयोग होता. आता येथे जे घडले ते आमच्या परिचारिका भगिनींनी आवर्जून वाचावे. रात्रपाळीच्या काही परिचारिकांस वाटले की, हे डॉक्टर या दीन बालकांचा श्वास तोडीत आहेत. आणि डॉक्टर घरी गेले की त्या मोजक्या गटातील पेट्यांच्या कळा हळूच वाढवून ठेवीत. त्यांच्या अंतःकरणात दयेवाचून दुसरे काही नव्हते. त्या काळच्या विद्येप्रमाणे त्या चुकतही नव्हत्या. परंतु ज्या बालकासाठी त्यांचा जीव तुटत होता, त्याच्याच डोळ्यांतील कोवळ्या रक्तवाहिन्या त्या अधिक वायूने आकसून वाढीस खुंटत व मागाहून रानवेलीसारख्या वेड्यावाकड्या फोफावून दृष्टिपटल ओढून काढीत.

पॅट्झ यांचा निष्कर्ष १९५२ साली बाहेर आला. मग १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून मोठी परीक्षा घेतली, व संशयास जागा उरली नाही. सर्वत्र हुकूम सुटले, प्राणवायू शेकडा ४० च्या वर नेऊ नये. अंधत्व झपाट्याने घटले.

येथे गोष्ट संपती तर कथेकरी बुवांस सोयीची झाली असती. ती संपत नाही. काही वर्षांनी ध्यानात आले की, डोळे वाचविण्याच्या धास्तीने हात इतका आखडला की, ज्यांच्या फुफ्फुसांस खरोखरच अधिक वायू हवा होता अशी अपुऱ्या दिवसांची बालके पहिल्याच दिवशी दगावत होती. १९७३ साली लंडनच्या क्रॉस यांनी हिशेब मांडला की, एका बालकाची दृष्टी राखण्यापायी सुमारे सोळा बालके गेली असावीत. हिशेबातील आकड्यावर वाद झाला, मुद्द्यावर फारसा नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षेतही हीच ओढाताण पुन्हा दिसली: रक्तातील प्राणवायूचे प्रमाण थोडे खाली ठेवले तर डोळे अधिक वाचतात, पण मृत्यू वाढतात. एक नियम सर्वांस लावून मोकळे होण्याची सोय या औषधाने ठेवलेली नाही. ज्या त्या बालकाजवळ उभे राहून, क्षणोक्षणी पाहून, कळ फिरविणारे माणूस लागते.

आता ते सूत्र. ऑगस्ट १९५२ मध्ये कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रोगी रोज येऊ लागले, आणि यंत्रे मोजून सात. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रोपचार केलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ मरण पावले. प्राणवायू देऊन त्यांचे ओठ गुलाबी ठेवले होते, तरी ते घामाघूम होऊन, रक्तदाब चढून, गुंगीत जात व मरत. भूल देणारे डॉ. ब्योर्न इब्सेन यांनी ओळखले की, हे रोगी प्राणवायूवाचून मरत नाहीत; आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही म्हणून मरतात. २७ ऑगस्ट रोजी त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यास छिद्र करवून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिचा श्वास चालविला. ती मुलगी वाचली. मग शहरातील सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने येऊन रोग्यांच्या उशाशी बसले. पिशवी दाबावयाची, सोडावयाची, पुन्हा दाबावयाची. दिवसाचे चोवीस तास, असे कित्येक महिने. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागांचा जन्म तेथे झाला असे म्हणतात. आमच्या मते त्या पोरसवदा विद्यार्थ्यांच्या दुखऱ्या पंजांचा मान त्यात प्रथम आहे.

श्वास हाताने वा यंत्राने चालविता येऊ लागला, तेव्हा एक नवा प्रश्न उभा राहिला: तो थांबवावयाचा केव्हा? इन्सब्रुकचे भूलतज्ज्ञ ब्रूनो हाइड यांनी तो थेट रोमला विचारला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी उत्तर दिले ते असे की, प्राण राखण्याकरिता सामान्य साधने वापरणे मनुष्यास बंधनकारक आहे, असामान्य साधने नाहीत. आशा उरली नसता यंत्र काढून घेणे धर्मबाह्य नव्हे. आणि मृत्यूचा नेमका क्षण ठरविणे हे वैद्याचे काम, ख्रिस्तसभेचे नव्हे. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी असेही सांगितले होते की, दुसरा उपाय नसेल तर असह्य वेदना शमविण्याकरिता मॉर्फीनसारखी औषधे देण्यास प्रत्यवाय नाही, मग त्याने आयुष्याचे काही दिवस कमी का होईनात. हेतू मात्र मारण्याचा नसावा. कित्येक सच्छील परिचारिका मॉर्फीनची सुई हाती घेताना कचरतात, त्यांनी हे जाणावे. मॉर्फीन श्वास मंद करते हे खरे. म्हणूनच देण्यापूर्वी व दिल्यानंतर श्वास मोजावयाचा, आणि तो फार उतरलेला दिसला तर सुई खाली ठेवून डॉक्टरांस बोलवावयाचे.

त्या सूत्राची दुसरी गाठ जुनाट फुफ्फुसविकाराच्या रोग्यांशी पडते. वर्षानुवर्षे विडी ओढलेले, किंवा चुलीच्या धुरात उभा जन्म काढलेल्या आमच्या आयाबहिणी, यांच्यापैकी काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड कायमचा साठून राहतो. अशांस भरपूर प्राणवायू दिला असता तो साठा आणखी वाढतो. रोगी गुलाबी दिसतो, शांत निजतो, आणि निजेतच बेशुद्धीत उतरतो. घरच्यांस वाटते, बरे झाले, डोळा लागला! १९६० साली लंडनच्या मोरन कॅम्बेल यांनी असा मुखवटा काढला की, त्यात शिरणाऱ्या वायूबरोबर ठरावीक प्रमाणातच बाहेरची हवा ओढली जावी व रोग्यास शेकडा २४ किंवा २८ असा नेमका प्राणवायू मिळावा. तरीही धाप लागलेल्यास वायू सढळ द्यावयाचा ही हाताची सवय सुटेना. टास्मानियात रुग्णवाहिकांतील सेवकांनी केलेल्या तुलनेत, २०१० साली, मोजून प्राणवायू दिलेल्या रोग्यांतील मृत्यू सढळ दिलेल्यांच्या निम्म्याहून कमी आढळले. ब्रिटिश वैद्यांच्या २००८ च्या नियमावलीने सामान्य रोग्याकरिता रक्तातील प्राणवायूचे लक्ष्य शेकडा ९४ ते ९८ व अशा जुनाट रोग्याकरिता ८८ ते ९२ ठरविले, आणि औषधाच्या कागदावर ते लिहिल्यावाचून, अगदी निकडीचा प्रसंग सोडल्यास, प्राणवायू देऊ नये असे सांगितले. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पंचसूत्री परिचारिकांस पहिल्या वर्षीच पाठ करवितात. प्राणवायू त्या पाचांतून सुटलेला नाही, हे त्या कागदाने कबूल केले.

मोजावयाचे तरी कशाने? जुन्या परिचारिका ओठ व नखे पाहत. १९४७ साली अमेरिकेत कॉम्रो व बोटेल्हो यांनी या डोळ्यांचीच परीक्षा घेतली, तेव्हा प्रमाण शेकडा ८० पर्यंत उतरेतो बहुतेकांस निळेपणा निश्चितपणे ओळखता आला नाही. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली बोटातून प्रकाश पाठवून रक्तातील प्राणवायू सांगणाऱ्या यंत्राचे तत्त्व शोधून काढले. तेच आज घरोघर बोटास लावतात ते चिमट्यासारखे यंत्र. परंतु तेही निर्दोष नाही. अमेरिकेतील एका अभ्यासाने २०२० साली दाखविले की, काळ्या त्वचेच्या रोग्यांत यंत्राचा आकडा चांगला असूनही रक्तात प्राणवायू कमी असण्याचा प्रकार गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट घडतो. आमच्या सावळ्या लोकांनी आकडा पाहून निर्धास्त होण्यापूर्वी रोग्याच्या मुद्रेकडेही पाहावे.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांची आठवण आमच्या वाचकांस करून देण्याची गरज नाही. २१ एप्रिल रोजी नाशिकच्या एका महापालिका रुग्णालयात टाकी भरताना गळती होऊन वायूचा दाब उतरला आणि थोड्या वेळात वीसहून अधिक रोगी गेले. त्याच दिवसांत आमच्याच राज्याच्या पार टोकाच्या नंदुरबार या आदिवासी जिल्ह्याचे नाव निघाले. तेथील जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी हवेतून प्राणवायू काढण्याचे कारखाने आधीच उभारून ठेवले होते, ही गोष्ट वर्तमानपत्रांनी गाजविली. त्यामानाने दुसरी गोष्ट कमी बोलली गेली. तेथे 'ऑक्सिजन नर्स' अशी वेगळी जबाबदारी काही परिचारिकांवर सोपविली होती. खाटेखाटेशी जाऊन प्रत्येक रोग्याचा आकडा पाहावयाचा, ज्याची गरज उतरली त्याची कळ उतरवावयाची, ज्याची चढली त्याची चढवावयाची, एवढेच त्यांचे काम. सत्तर वर्षांपूर्वी वॉशिंग्टनच्या रात्रपाळीत दयेने वाढविलेली कळ, आणि नंदुरबारच्या वॉर्डात मोजून उतरविलेली कळ, हात परिचारिकेचाच.

घरी प्राणवायू घेणारे आजारी आमच्या धर्मग्रामातही आहेत, म्हणून जाता जाता व्यवहाराचे दोन शब्द. १९८० व १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन व ब्रिटिश परीक्षांनी सिद्ध केले की, ज्यांच्या रक्तात प्राणवायू कायम फार कमी असतो अशा जुनाट रोग्यांनी तो दिवसाचे पंधरा तास वा अधिक घेतल्यास त्यांचे आयुष्य वाढते. तेव्हा नळी लावली म्हणजे अंत आला असे समजून आजाऱ्यासमोर रडू नये. डॉक्टरांनी प्रवाह जेवढा लिहून दिला असेल तेवढाच ठेवावा. धाप वाढली तर कळ न वाढविता निरोप पाठवावा. नळकांड्याच्या तोंडास तेल, तूप लागू देऊ नये व तेलकट हाताने कळ फिरवू नये; दाबाखालील प्राणवायू व तेल यांची गाठ पडली की भडका उडतो. त्या खोलीत विडी, उदबत्ती, स्टोव्ह वर्ज्य.

याच संबंधात आमच्या मंडळींस एक विनंती. आजाऱ्यास पवित्र कोमुन्योन द्यावयास आम्ही येतो तेव्हा शुभ्र वस्त्र अंथरून, क्रूस मांडून, दोन मेणबत्त्या पेटवून ठेवण्याची आपल्या घरांची रीत फार सुंदर आहे. प्राणवायू चालू असेल त्या घरी मेणबत्त्या लावू नयेत. वस्त्र, क्रूस व फुले पुरेत. आणि अभ्यंगाचे तेल लावून झाल्यावर आमचे हात पुसावयास लिंबाची फोड व कापूस जवळ असू द्यावा.